टाळूवरचा हात

माझा आजार सगळ्यांत आधी कळला तो आजीच्या तळहाताला. मी तेव्हा तीन-साडेतीन महिन्यांची असेन. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, चुलवणावर तापलेलं पाणी, आणि न्हाणीत पाय पसरून बसलेली आजी. मला पायांवर घेऊन ती रोज टाळू भरायची. खोबरेल कोमट करून तळव्यावर घ्यायचं आणि हलक्या हातानं थोपटत जिरवायचं. घरातली आणि भावकीतली कितीतरी लेकरं तिच्या हाताखालून गेली होती. त्या दिवशी तिचा हात मध्येच थांबला. तिनं आईला हाक मारली, "पोरी, हिकडं ये. टाळू बग कशी टणक लागतीया."

आईनं बघितलं, पण बघून काहीच कळलं नाही. डोकं जरा मोठं आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. त्यावर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कपाळ मोठं आहे, नशीब काढेल पोर." डोळ्यांना जे भाग्याचं लक्षण वाटत होतं, ते आजीच्या हाताला खटकलं. दुसऱ्या दिवशी आजोबा आणि वडील मला घेऊन निघाले. दोन दवाखाने फिरून आम्ही मिरजेला पोहोचलो. तिथं निदान झालं, 'जलशीर्ष'. इंग्रजी नाव हायड्रोसेफॅलस. आमच्याकडच्या बोलीत, 'डोक्यात पाणी झालंय.'

मिरजेला जाणं आमच्या भागाला नवं नाही. डॉक्टर वानलेस यांचं रुग्णालय तिथं १८९४ मध्ये सुरू झालं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकातूनही माणसं आजार घेऊन या गावात उतरतात. स्टेशनबाहेर पहाटे उभं राहिलं की कुणाच्या हातात काठी दिसते, कुणाच्या पायाला प्लॅस्टर. आणि काही जणांच्या हातात फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल असते. या शेवटच्या माणसांविषयी मला लिहायचं आहे. त्यांचा आजार त्या फाईलमध्येच दिसतो, अंगावर दिसत नाही.

'डोक्यात पाणी झालं' हा शब्दप्रयोग ऐकला की वाटतं, जे नसायला हवं ते कुठून तरी आत शिरलं. खरं तर पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मेंदूच्या आत पोकळ्या आहेत. तिथं रोज साधारण अर्धा लिटर द्रव तयार होतो. एका वेळी मात्र मेंदू आणि मणका मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपासच द्रव असतो. म्हणजे दिवसाकाठी हे पाणी तीन वेळा बदलतं. एका पोकळीतून दुसरीत, तिथून अरुंद वाटेनं खाली, मग मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली, आणि शेवटी परत रक्तात. या वाटेत कुठं अडथळा आला, किंवा द्रव रक्तात शोषला जाईना, तरी मागं नवं पाणी येतच राहतं. पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो.

कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावायला आकृती लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. येणारं पाणी आणि पुढं सरकणारं पाणी यांचा मेळ तुटला की काय होतं, हे आम्ही माळ्यावर बसून बघितलंय. नदीला निदान काठ ओलांडून पसरता येतं. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून त्याचं डोकं वाढत जातं आणि टाळू ताणली जाते. मोठ्या माणसाची कवटी घट्ट असते. तिथं पाण्याला पसरायला जागाच नसते, सगळा भार मेंदूवर येतो.

कारणं वेगवेगळी आहेत. काहींची वाट जन्मतःच अरुंद असते. काहींना पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगासोबत हा त्रास येतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, मेंदूज्वर झाला, क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले, डोक्याला मार लागला, गाठ झाली, तरीही वाट बंद होऊ शकते. ग्रहण पाळलं नाही, कुणाची नजर लागली, आईनं काही खाल्लं, यांतलं एकही कारण नाही. हे मी ठासून लिहिते आहे, कारण माझ्या आईनं ही बोलणी कित्येक वर्षं ऐकली.

उपाय म्हणजे पाण्याला दुसरी वाट काढून देणं. माझ्या उजव्या कानामागे, केसांच्या आत, चिंचोक्याएवढा उंचवटा आहे. ती झडप. तिथून सिलिकॉनची बारीक नळी कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात उतरते. मान वळवून बोट फिरवलं तर ती दोरीसारखी हाताला लागते. डोक्यातला जास्तीचा द्रव पोटात जातो आणि तिथं शोषला जातो. लहानपणी नळी घालताना पोटात तिचं वेटोळं ठेवतात, म्हणजे मूल उंच होईल तशी ती पुरत जाते. डॉक्टर याला शंट म्हणतात, आमच्या घरात तिला 'नळी' म्हणतात. काही रुग्णांना दुर्बिणीतून मेंदूतच नवं छिद्र करून वाट देता येते, मग नळी लागत नाही. कुणाला काय चालेल हे वय आणि कारण बघून ठरतं.

या झडपेचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण त्यात बापांची धडपड आहे. अमेरिकेतल्या जॉन होल्टर या यंत्रकारागिराचा मुलगा केसी याला हाच आजार होता. होल्टर कुलपांच्या कारखान्यात काम करायचा, वैद्यकशास्त्र शिकलेला नव्हता. एकाच दिशेनं उघडणारी आणि ठरावीक दाबालाच उघडणारी झडप त्यानं १९५६ मध्ये स्वतःच्या हातांनी घडवली. पुढं लेखक रोआल्ड डाल यांच्या मुलाला १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अपघात झाला. त्यातून त्यालाही जलशीर्ष झालं आणि त्याची नळी वारंवार तुंबत होती. डाल यांनी एक अभियंता आणि एक मेंदूशल्यविशारद यांना सोबत घेऊन नवी झडप तयार करवली. आपल्याकडे लखनौचे डॉ. देवेंद्र छाबडा यांनी कमी किमतीची झडप बनवली. युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी तिची तुलना महागड्या परदेशी झडपेशी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. किमतीत दहा पटींहून अधिक फरक होता, मुलांच्या प्रकृतीत वर्षभरात फरक आढळला नाही. गरिबाच्या लेकराला मिळालेलं हे फार मोठं दान आहे.

पण नळी म्हणजे बरं होणं नव्हे. ती तुंबते, तुटते, सरकते, तिला जंतुसंसर्ग होतो. लहान मुलांमध्ये घातलेल्या नळ्यांपैकी जवळपास निम्म्या पहिल्या दोन वर्षांतच बिघडतात, असं जगभरचा अनुभव सांगतो. डोकं सगळ्यांचंच दुखतं. उन्हात फिरलं, जागरण झालं, पित्त झालं की दुखतं. माझं दुखलं की घर एकदम शांत होतं. आई विचारते, "सकाळी उठल्या उठल्या दुखतंय का? मळमळतंय? झोप येतीये?" कारण रात्रभर आडवं राहिल्यावर सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलटी आणि गुंगी ही नळी बंद पडल्याची खूण असते. अशा वेळी वाट बघत बसायचं नसतं.

नववीत असताना सहामाहीच्या परीक्षेत असंच झालं. मी पेपर अर्धा सोडून बाकावर डोकं टेकलं. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पेपरच्या दिवशीच बरं दुखतं तुझं." त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर दोन वेण्या घातलेली, रिबिनी बांधलेली, चांगली उभी-आडवी मुलगी बसली होती. मी मान वर केली आणि त्यांच्या साडीवर उलटी केली. संध्याकाळी वडिलांनी शेजाऱ्यांची जीप काढली. कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली करत आम्ही रात्री मिरज गाठली. आईच्या मांडीवर माझं डोकं होतं आणि ती मला झोपू देत नव्हती. पाढे म्हण म्हणत होती. तेरापर्यंत मला आठवतंय. पुढचं आठवत नाही. नळीचं वरचं टोक तुंबलं होतं. दिवाळी दवाखान्यातच गेली.

शाळेत परत गेले तेव्हा माझ्या डोक्याचे केस कापलेले होते आणि टाके दिसत होते. त्या महिन्यात सगळे माझ्याशी फार मायेनं वागले. कुणी दप्तर उचललं, कुणी वह्या उतरवून दिल्या. त्याच बाईंनी मला पंख्याखालचा बाक दिला. मग केस वाढले. टाके झाकले गेले आणि माया हळूहळू ओसरली. डोक्यातली नळी तीच होती, थकवा तोच होता, गणिताच्या चार पायऱ्या एकदम लक्षात न राहणं तेच होतं. बदलले होते फक्त केस. चौदाव्या वर्षी मला त्यातून जे समजलं ते आजही बदललेलं नाही. लोक आजाराला जागा देत नाहीत, आजाराच्या खुणेला देतात.

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.' ही म्हण आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. पण आपण ती कुठं वापरतो ते पाहा. गोड बोलणाऱ्यापासून सावध करायला, भपक्याला भुलू नको सांगायला. म्हणजे बाहेरून चांगलं दिसणाऱ्याच्या आत कपट असेल, हे आपल्याला चटकन पटतं. त्याच्या आत दुखणं असेल, हे मात्र पटत नाही. धडधाकट दिसणाऱ्या माणसानं 'मला जमत नाही' म्हटलं की तीच म्हण आपल्याला आठवायला हवी. तिथं आपण ती विसरतो आणि म्हणतो, "नाटकं करतोय."

हे एकट्या माझ्या आजाराचं नाही. अपस्मार, कमी ऐकू येणं, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, अध्ययन अक्षमता, ही सगळी अशीच न दिसणारी ओझी आहेत. ही माणसं रोज दोन कामं करतात. एक, आजार सांभाळणं. दुसरं, आजार आहे हे पटवून देणं. माझ्या अनुभवात दुसरं काम जास्त दमवतं. मी सांगलीत एका पतसंस्थेत काम करते. गोंगाटात माझं लक्ष तुटतं, म्हणून खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं. त्या टेबलाची चर्चा दोन वर्षं चालली. व्हीलचेअरसाठी उतार मागितला असता तर कुणी हरकत घेतली नसती.

आणि यात एक मोठा अन्याय दडलेला आहे. समाजच आधी लपवायला शिकवतो आणि नंतर विचारतो, सांगितलं का नाहीस. मुलगी वयात आली की सल्ले सुरू होतात, "नळीचं बोलू नका, केसांत काय दिसतंय?" माझ्याही लग्नाच्या बोलणीत हेच झालं. मी ऐकलं नाही. पहिल्या घरी मी स्वतः सांगितलं. चहाचे कप खाली ठेवले गेले, आणि नंतर निरोपही आला नाही. दुसऱ्या घरी सांगितलं तेव्हा मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, "मग काय काळजी घ्यायची?" आज आमच्या फ्रिजवर त्यानं लिहिलेला कागद आहे. त्यावर लक्षणं, डॉक्टरांचा फोन, फाईल कुठं आहे ते, आणि खाली मोठ्या अक्षरात 'वाट बघायची नाही'. त्याच्या प्रश्नानं माझा आजार गेला नाही. त्याचा भार मात्र दोघांत वाटला गेला.

कायद्यानं आपल्याकडे पाऊल पुढं टाकलं आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात न दिसणारे कितीतरी आले. जलशीर्ष असं वेगळं नाव त्या यादीत नाही. या आजारानं चालण्यावर, दृष्टीवर, बुद्धीवर किंवा मज्जासंस्थेवर जो परिणाम होतो, त्यातून प्रमाणपत्राची वाट काढावी लागते. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के ही रेघ आहे. योजनेला कुठंतरी रेघ मारावी लागते, हे मला मान्य आहे. पण माझा सोमवार आणि माझा गुरुवार सारखा नसतो. बरं असेल त्या दिवशी मी कुणाच्याही बरोबरीनं काम करते, नसेल त्या दिवशी जिना चढताना कठडा धरते. टक्केवारी सरकारी कामापुरती ठीक आहे. ती माणसावर विश्वास ठेवायचं मोजमाप होऊ शकत नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला त्रास नाही, असं धरून चालणं ही कायद्याची नव्हे, आपली चूक आहे.

शब्दही आपण बदलत आलो. पंगू, अपंग, विकलांग, आणि २०१५ नंतर दिव्यांग. नव्या शब्दामागचा आदर मी मनापासून घेते. पण मला दिव्य काही नको आहे. सुट्टी मागताना पुरावा म्हणून केस बाजूला करून उंचवटा दाखवावा लागू नये, एवढंच हवं आहे. इंग्लंडच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलाचं चित्र सुरू झालं. गळ्यात तो पट्टा असला की कर्मचारी समजतात, या माणसाला न दिसणारी अडचण आहे, थोडा जास्त वेळ द्या. कसली अडचण, हे विचारत नाहीत. आपल्या एसटी स्टँडवर असा पट्टा येईल तेव्हा येईल. त्यामागची वृत्ती आणायला खर्च नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही याच नजरेनं बघायला हवं. कोलंबियातल्या सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत उतारवयातल्या जलशीर्षाचं वर्णन मांडलं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही, विसरायला होतं. आपण म्हणतो, वय झालं. बऱ्याचदा ते वयच असतं. पण काहींच्या बाबतीत पाणी अडलेलं असतं. कमरेतून थोडा द्रव काढून बघितला की चाल सुधारते का ते कळतं, आणि अशांपैकी अनेकांना नळीचा उपयोग होतो. ओट्यावर बसून राहिलेले आजोबा पुन्हा पारापर्यंत चालत जाऊ शकतात. त्यासाठी 'वय झालं' म्हणण्याआधी एकदा दाखवून आणायला हवं.

मला दोन गोष्टींची मागणी करायची आहे. पहिली फॉलिक अॅसिडच्या गोळीची. पाठीच्या कण्याचं व्यंग आणि त्याबरोबर येणारं जलशीर्ष बऱ्याच अंशी टाळता येतं. बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, म्हणजे दिवस गेल्याचं बाईला धड कळायच्या आधी. असं बाळ आधी झालेल्या आयांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. म्हणून गरोदरपणी दवाखान्यात नाव नोंदवल्यावर गोळी सुरू करून भागत नाही. मूल हवंय असं ठरलं की डॉक्टरांना विचारून ती सुरू व्हायला हवी. आशाताई हे सांगू शकतात. सासवाही सांगू शकतात.

दुसरी मागणी शिंप्याच्या टेपची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं गावोगाव मुलं तपासतात. अंगणवाडीत वजन, उंची आणि दंडघेर मोजला जातो. त्यासोबत दर महिन्याला तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेरही मोजून लिहावा. जन्मतः तो साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो, पहिले तीन महिने दर महिन्याला दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, मग वेग कमी होतो. आकडा यापेक्षा भराभर चढत असेल तर बाळाला लगेच तालुक्याला पाठवावं. टेपला दहा-वीस रुपये पडतात. उशिरा कळलेल्या आजारात गेलेली दृष्टी आणि बुद्धी कुठल्याही किमतीला परत येत नाही.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला जलशीर्ष हा शब्द शेवटपर्यंत नीट उच्चारता आला नाही. पण तिच्या हाताला काही वेगळं लागलं तेव्हा तिनं तो काढून घेतला नाही, आणि गल्लीतल्या बायका काय म्हणतात तेही ऐकलं नाही. तुमच्या घरात तान्हं मूल असेल तर ते शांत असताना उभं धरून त्याच्या टाळूवर अलगद हात ठेवा. ती मऊ आणि सपाट लागायला हवी. फुगलेली, ताणलेली लागली तर उद्यावर ढकलू नका. आणि तुमच्या वर्गातलं, कचेरीतलं, घरातलं कुणी धडधाकट दिसणारं माणूस 'मला त्रास होतोय' म्हणालं, तर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळू नका. जवळ बसा आणि विचारा, "मी काय करू?"